सुई आधी, पाणी नंतर
वाचकांचे प्रश्न : कपड्यांची निगा आणि घरच्या घरी दुरुस्ती

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांत डाग, कुबट वास आणि उसवलेल्या शिवणी यांचेच प्रश्न जास्त आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बऱ्याच पत्रांतली अडचण तिथूनच सुरू झालेली दिसते. कपडा उसवला, फाटला किंवा बटण लोंबायला लागलं, तर टाका आधी घाला आणि मग तो धुवायला टाका. धुताना कापडाला पीळ बसतो, उघड्या कडेचे धागे सुटतात आणि अर्ध्या इंचाची फट दोन इंचांची होते. सुटलेले धागे एकदा पाण्याबरोबर गेले की रफू करताना सुईला धरायला काही उरत नाही. डाग मात्र थांबत नाही. त्याला लगेच पाणी लागतं. ते थंड हवं की कोमट, हे डाग कशाचा आहे त्यावर ठरतं.

प्रश्न : नव्या साडीला फॉल लावून घेतला. पहिल्याच धुण्यानंतर खालच्या काठाला चुण्या पडल्या आणि काठ आत वळायला लागला. कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. साडीत दोष आहे का? (नाशिक)

उत्तर : साडीत दोष नसावा. फॉल पाण्यातून न काढता तसाच लावला गेला आहे. बाजारातला फॉल बहुधा सुती असतो. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटणं अगदी नेहमीचं आहे. फॉलची लांबी साधारण पावणेतीन मीटर धरली, तर तो आठ ते चौदा सेंटिमीटर आखूड होतो. साडी रेशमी किंवा सिंथेटिक असेल तर ती तेवढी आटत नाही. दोन्ही कापडं एकमेकांना शिवलेली असल्यामुळे जास्तीची साडी चुण्यांच्या रूपाने फुगते. इस्त्रीने चुणी दबेल, पण जाणार नाही.

उपाय सोपा आहे. तुमचा फॉल आता आटून झालेला आहे, त्यामुळे नवा आणू नका. वरची आणि खालची दोन्ही शिलाई उसवा, फॉल आणि साडीचा काठ वेगवेगळे इस्त्री करून घ्या आणि तोच फॉल पुन्हा लावा. शेवटाला तो तीन ते साडेपाच इंच कमी पडेल. निऱ्यांच्या पलीकडचा भाग असल्यामुळे ते दिसत नाही.

नवा फॉल लावायचा असेल तर तो रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. गडद मरून, निळा, काळा असे रंग हमखास पाणी सोडतात. पाणी रंगीत झालं तर ते बदलत राहा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत फॉल साडीजवळ नेऊ नका. न पिळता सावलीत वाळवा आणि थोडा दमट असतानाच इस्त्री करा. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात आणि काठाच्या रंगाशी, साडीच्या अंगाच्या रंगाशी नव्हे.

लावताना साडी उलटी पसरा. नेसताना जे टोक आधी खोचतो, तिथून एक वीत सोडून सुरुवात करा. फॉलची खालची कड साडीच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर चालताना ती खालून डोकावते. एकेका वितीवर टाचणी लावा. फॉल सैल सोडायचा नाही आणि ताणायचाही नाही, साडीवर सपाट पडू द्यायचा. दहा नंबरची बारीक सुई आणि एकेरी दोरा घ्या. खालच्या कडेला बारीक धावदोरा घाला. वरच्या कडेला हेमचे टाके घाला. प्रत्येक टाक्यात साडीचा एकच किंवा फार तर दोन धागे उचला आणि दोन टाक्यांत एक सेंटिमीटर अंतर ठेवा. दोरा ओढला की सुलट बाजूला खळी पडते, म्हणून तो फक्त टेकेपर्यंत आणायचा. दर वितीला एक उलट टीप घ्या. पुढे कधी पायाचं बोट अडकून दोरा तुटला, तर एक वीतच उसवेल, सगळा फॉल सुटणार नाही.

प्रश्न : पांढऱ्या सुती कुडत्यावर हळद सांडली. साबण लावल्याबरोबर डाग लाल झाला! आता काय करू? (सांगली)

उत्तर : घाबरू नका, डाग पक्का झालेला नाही. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. तो आंबट पदार्थात पिवळा राहतो आणि क्षारात लालसर तपकिरी होतो. कपड्यांचे साबण आणि पावडरी क्षारयुक्त असतात, म्हणून रंग बदलला. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तेव्हा हेच घडतं. साबण पूर्ण निघून जाईपर्यंत कुडता धुवा, मग लिंबाचे चार थेंब टाकून पाहा. डाग पुन्हा पिवळा होईल. लिंबाने तो गेला असं मात्र समजू नका, फक्त रंग पालटला आहे.

आता घालवायचा कसा? हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. आमटी-भाजीच्या डागात तो फोडणीच्या तेलासकट धाग्यात शिरलेला असतो. म्हणून आधी तेल काढायचं. डागावर भांड्यांच्या पातळ साबणाचे पाच-सहा थेंब घाला, बोटाने हलकं चोळा, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. हे दोनदा करा. जो फिकट पिवळा राहील तो ऊन घालवतं. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. कुडता ओला असतानाच, डाग सूर्याकडे येईल असा कडक उन्हात टाका. वाळला की पुन्हा ओला करून टाका. दोन-तीन दिवसांत सुती पांढऱ्या कापडावर खूण राहत नाही.

रंगीत कपड्याला ऊन दाखवताना जपून, कापडाचा रंगही उडू शकतो. रेशमाला हा उपाय अजिबात करू नये. कडक उन्हाने रेशीम कमजोर होतं. ब्लीच पांढऱ्या सुती कापडाला चालतं, पण एक धोका लक्षात ठेवा : लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलाही आंबट पदार्थ आणि क्लोरिनचं ब्लीच कधीही एकत्र आणू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे फार धोक्याचं आहे.

प्रश्न : रक्ताचा डाग गरम पाण्याने जास्त पक्का का होतो? (धुळे)

उत्तर : रक्तात प्रथिनं असतात आणि उष्णतेने ती अंड्यासारखी थिजून धाग्याला धरतात. थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि अर्धा तास भिजवणं, मग साबण. वाळलेल्या डागाला रात्रभर भिजवा. दूध आणि अंडं यांच्या डागांनाही हाच नियम.

प्रश्न : तयार शर्टांची बटणं दोन महिन्यांत पडतात. मी लावलेलं बटण पडत नाही, पण काजात घालताना कापड चिमटल्यासारखं दिसतं. नीट पद्धत सांगाल का? (पुणे)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तयार शर्टांची बटणं बऱ्याचदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. हा टाका मशीनवर झटपट होतो, पण त्याचं एक टोक सुटून ओढलं गेलं की स्वेटर उसवावा तशी सगळी साखळी सुटते. नवा शर्ट आणला की तो घालण्याआधी प्रत्येक बटणाच्या मागे पाहा. लोंबणारं टोक दिसलं तर ते ओढू नका आणि कापू नका. त्याच रंगाच्या दोऱ्याने मागच्या बाजूने साखळीतून दोन टाके घालून गाठ मारा. सात बटणांना दहा मिनिटंही लागत नाहीत आणि ही बटणं शर्टाच्या शेवटापर्यंत टिकतात.

तुमचं बटण चिमटतं, कारण त्याला देठ नाही. बटण आणि कापड यांच्यामध्ये काजाच्या पट्टीची जाडी मावायला हवी. शर्टाला दीड-दोन मिलिमीटर, कोटाला तीन-चार. बटण कापडाला घट्ट आवळलं की काजाची पट्टी मध्ये दबते आणि आजूबाजूला चुण्या पडतात. शिवाय तो ताण दोऱ्यावर येतो.

एक हात लांब दोरा घ्या, सुईत ओवून दुहेरी करा आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. मेणामुळे दोन पदर एकमेकांना चिकटून राहतात आणि गुंता होत नाही. जुन्या टाक्यांच्या खुणेवर सुलट बाजूने एक बारीक टाका घेऊन दोरा पक्का करा. ही जागा बटणाखाली झाकली जाते. बटण ठेवून त्याच्यावर एक टाचणी आडवी धरा. कोटाचं बटण असेल तर टाचणीऐवजी आगकाडी. टाके या टाचणीवरून घ्या : चार भोकांचं बटण असेल तर प्रत्येक जोडीला तीन टाके पुरेत. बाकीच्या बटणांचे टाके समांतर असतील तर तुम्हीही समांतर घ्या, फुलीचे असतील तर फुली. वेगळा टाका लांबून दिसतो. मग टाचणी काढा, बटण वर ओढा. खाली जी दोऱ्यांची जुडी दिसते तोच देठ. सुई कापड आणि बटणाच्या मधून बाहेर काढून देठाभोवती पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा, सुई देठातून दोनदा आरपार न्या, मागे गाठ मारा.

बटण कापडाचा तुकडा घेऊनच तुटलं असेल, तर भोकावर नुसतं बटण लावू नका. आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा जुन्या शर्टाचा तुकडा ठेवा आणि त्याच्यासकट शिवा. कोटाला मागे छोटं सपाट बटण ठेवतात, तेही याचसाठी. बटण हरवलं असेल तर शर्टाच्या पुढच्या पट्टीच्या खालच्या टोकाला किंवा बाजूच्या शिवणीत आतून पाहा, जादा बटण तिथेच टाचलेलं असतं.

प्रश्न : बॅगेची चेन बंद होते, पण रनर पुढे गेला की मागून उघडते. नवी चेन बसवायला शिंपी तयार नाही. (सोलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा दात चांगले असतात, बिघडतो तो रनर. त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमधली फट वापराने रुंदावते. मग दोन्हीकडचे दात एकमेकांत बसण्याइतके दाबले जात नाहीत.

चेन पूर्ण उघडून रनर सुरुवातीच्या टोकाला आणा. रनरला पुढे दोन तोंडं असतात, जिथून सुटे दात आत येतात. मागे एकच तोंड, जिथून जुळलेले बाहेर पडतात. बारीक नाकाच्या पकडीने या मागच्या तोंडाची एक बाजू हलकेच दाबा, मग दुसरी तेवढीच. चालवून पाहा. उघडलं तर आणखी थोडं दाबा. एकदम जोर लावू नका. हे रनर ठिसूळ धातूचे असतात, तडकले की संपलं. फार दाबला गेला तर रनर हलणारच नाही, तेव्हा चपट्या पेचकसाने फट किंचित मोकळी करता येते.

एवढ्याने काम झालं नाही तर फक्त रनर बदला. रनरच्या पाठीवर ३, ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो आकडा आणि दातांचा प्रकार (धातूचे, प्लॅस्टिकचे सुटे, की नायलॉनच्या वेटोळ्याचे) सांगितला की शिवणसाहित्याच्या दुकानात तसाच रनर मिळतो. जुना रनर दुकानात घेऊन जाणं सगळ्यात बरं. चेनच्या शेवटाची शिवण उसवून नवा रनर तिथून चढवायचा. दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी, समान पातळीवर आत जायला हवेत; एक बाजू दोन दात पुढे गेली तर बॅगेचं कापड एकीकडे गोळा होतं.

सुरुवातीच्या टोकाचे एक-दोन दात तुटले असतील तर त्यांच्या वर, चांगल्या दातांवरून, जाड दोऱ्याचे आठ-दहा आडवे टाके घाला. रनर तिथेच थांबेल आणि चेन अर्धा इंच आखूड होऊन चालू राहील. मधला दात गेला असेल तर चेनच बदलावी लागते. नुसती जड चालणारी धातूची चेन असेल तर दातांवर मेणबत्ती किंवा शिसपेन्सिल घासा. तेल घालू नका, ते कापडात उतरतं.

प्रश्न : बॉलपेनची रेघ खिशावर उमटली आहे. (अकोला)

उत्तर : सर्जिकल स्पिरिट किंवा अल्कोहोलचा सॅनिटायझर. डागाखाली जुना टॉवेल घडी करून ठेवा, वरून कापसाने टिपत राहा, टॉवेलची जागा बदलत राहा. शाई खालच्या टॉवेलमध्ये उतरायला हवी. चोळलं तर ती पसरते. जेल पेनच्या शाईला हा उपाय नेहमी लागू पडत नाही.

प्रश्न : जून ते सप्टेंबर कपडे वाळतात, पण घातल्यावर कुबट वास येतो. पावडर दुप्पट टाकली, सुगंधी द्रव टाकला, तरी तेच. पांढऱ्या बनियनवर काळे ठिपकेही आलेत. (सावंतवाडी)

उत्तर : वास जिवाणूंचा आहे. घामाचा आणि साबणाचा जो थर धाग्यात उरतो, त्यावर ते जगतात आणि कपडा जितके तास ओला राहील तितके वाढतात. पावडर दुप्पट केल्याने थर वाढला. सुगंधी द्रव त्याच्यावर आणखी एक लेप देतो, म्हणून टॉवेल पाणीही टिपेनासा होतो. हे दोन्ही थांबवा.

आधी जुना थर काढा. सुती टॉवेल, बनियन, चादरी यांना हात घालवत नाही इतक्या गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून एक तास भिजवा. वीस लिटरच्या बादलीला हे माप आहे. पाणी गढूळ होईल, तोच थर. मग निम्म्या पावडरीत धुवून दोनदा खळबळा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चालतं. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नका.

खरी लढाई मात्र वाळवण्याची आहे. धुणं झालं की मशीनमध्ये किंवा बादलीत तासभरही पडू देऊ नका. मशीन असेल तर नुसतं पिळण्याचं चक्र आणखी एकदा चालवा. त्याला पाच-सात मिनिटं लागतात, पण दोरीवरचे कित्येक तास वाचतात. घरात दोरी असेल तर दोन कपड्यांत चार बोटं अंतर, जाड कपड्याशेजारी पातळ, आणि खाली पंखा. दमट हवेत कपडा वाळवायला ऊब लागते त्याहून जास्त हलती हवा लागते. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगा, खिसे बाहेर काढा. खिशांचं दुहेरी कापड सगळ्यात शेवटी वाळतं आणि वास तिथूनच सुरू होतो. उरलेला दमटपणा इस्त्रीने घालवा आणि कपडा थंड झाल्यावरच घडी करा. गरम घडी कपाटात घाम सोडते.

काळे ठिपके बुरशीचे. त्या बनियन आधी कोरड्या असताना घराबाहेर ब्रशने झटका, म्हणजे बुरशीची धूळ घरात उडणार नाही. नंतर पांढऱ्या सुती कापडाला ब्लीच चालेल, बाटलीवर दिलेल्या मापानेच. बनियनच्या पट्टीत इलॅस्टिक असेल तर मात्र ब्लीच नको, ते सैल पडतं. जुने ठिपके पूर्ण जातीलच असं नाही; बुरशीने धागा खाल्लेला असतो आणि तिथे पुढे भोक पडतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीचे ब्लाऊज घट्ट होतात. शिंपी म्हणतात, आत माया आहे, तुम्हीच उसवा. किती सैल होईल? (बेळगाव)

उत्तर : माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. ब्लाऊज उलटा करून बाजूची शिवण पाहा. एकीला लागून एक अशा दोन-तीन समांतर टिपा दिसतील. अंगाकडची सगळ्यात आतली टीप उसवली की पुढची आपोआप लागू होते. टिपांमध्ये पाव इंच अंतर असेल तर एका बाजूला पुढचा पाव आणि मागचा पाव असा अर्धा इंच मिळतो, दोन्ही बाजू मिळून एक इंच. त्याहून जास्त हवं असेल तर दुसरी टीपही उसवा, पण शेवटची टीप आणि कापडाची कड यांत पाव इंच तरी राहिलं पाहिजे. त्याहून कमी राहिलं तर हात वर केल्यावर शिवणीतून धागे निसटतात, रेशमी ब्लाऊजचे तर हमखास.

उसवताना टीप धरून ओढू नका. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकाने कापा, मग उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो सलग निघून येतो आणि कापडाला ओढ बसत नाही. ही टीप बहुधा बाहीच्या तोंडापासून बगलेतून कमरेपर्यंत सलग असते. बाहीत घट्ट नसेल तर बाहीच्या मध्यापासून जुन्या टिपेला तिरकं मिळवून घ्या.

आधी एक तपासा : घट्ट नक्की कुठे होतं? हात पुढे घेतल्यावर पाठीवर ताण आला आणि बगलेत काचलं, तर मुंढा (बाही जिथे जोडतात ती गोलाई) लहान आहे. बाजूची माया कितीही सोडली तरी तो मोकळा होत नाही. तिथे बगलेत तिरप्या कापडाचा छोटा चौकोन घालावा लागतो आणि ते काम शिंप्यालाच करू द्या. जुन्या टिपेची भोकं सुती कापडावर ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरवली की बुजतात. रेशमावर ती कायम राहतात, म्हणून रेशमी ब्लाऊज उसवण्याआधी दोनदा विचार करा.

प्रश्न : सगळ्या टी-शर्टना पोटाच्या जागी बारीक भोकं पडतात. कसर लागली का? (ठाणे)

उत्तर : भोकं फक्त बेंबीच्या आसपास असतील तर कसर नाही. जीन्सचं धातूचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल आणि ओट्याची कड यांच्यामध्ये पातळ विणीचं कापड घासलं जातं. ओट्याशी काम करताना वर ॲप्रन बांधा किंवा टी-शर्ट बटणाच्या वर सरकवा.

भोक तुरीच्या दाण्याएवढं असताना, धुण्याआधी दुरुस्त करा. टी-शर्ट विणलेल्या फासांचा असतो आणि एक फास सुटला की त्याखालचे ओळीने सुटत जातात. उलट बाजूने भोकाभोवतीचे सुटे फास बारीक सुईने एकेक करून दोऱ्यात ओवा. सुई फासातून न्या, धाग्यातून नको. वर्तुळ पुरं झालं की दोरा हळूच ओढा, भोक मिटलं की थांबा आणि दोन टाक्यांनी पक्कं करा. जास्त ओढलं तर तिथे फोडासारखा उंचवटा येतो.

जीन्स मांड्यांच्या आत विरते त्याविषयीही तुम्ही विचारलं आहे. भोक पडण्याची वाट पाहू नका. कापड उजेडासमोर धरा. निळे उभे धागे झिजून नुसते पांढरे आडवे धागे दिसायला लागले की वेळ झाली. जुन्या जीन्सच्या पोटरीकडचा मऊ तुकडा घ्या, विरलेल्या जागेपेक्षा सगळीकडून एक इंच मोठा, कोपरे गोल कापलेले. चौकोनी कोपऱ्याशी ताण गोळा होऊन तिथेच नवं भोक पडतं. आतून ठिगळ टाचून, निळ्या धाग्यांच्या दिशेने, चार-चार मिलिमीटरवर समांतर टिपा मारा. मशीनला सोळा नंबरची सुई लावा, चौदा नंबरची जाड शिवणीवर मोडते.

प्रश्न : आईची पैठणी मिळाली आहे. डांबरगोळ्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेवू का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डब्यात ठेवू नका आणि गोळ्या जरीला लागू देऊ नका. मऊ, पांढऱ्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. हँगरला टांगली तर जरीच्या वजनाने घडीवर रेशीम चिरतं. घडीवर रबरबँड तर कधीच नको. रबरात गंधक असतं आणि जरीतली चांदी व तांबं गंधकाने काळवंडतात. अत्तराचा फवाराही नेसण्याआधी अंगावर मारा, साडीवर नको.

दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. नेसून झाल्यावर सावलीत, हवेशीर जागी चार-पाच तास पसरून मगच आत ठेवा. घामाचे आणि अन्नाचे अंश राहिले की किडे तिथेच येतात. तेलाचा थेंब पडला तर पाणी लावू नका, वर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा आणि मऊ ब्रशने झटका. पदरावर जरीचा धागा ओढला गेला तर कापू नका. बारीक सुईने तो मागच्या बाजूला ओढून घ्या.

प्रश्न : सुती साडीला साबुदाण्याची खळ किती घालावी? (वर्धा)

उत्तर : एका साडीला दोन मोठे चमचे साबुदाणा, एक लिटर पाण्यात दाणे पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गरम असतानाच फडक्यातून गाळा, तीन लिटर पाणी मिसळा. साडी ओली करून, पिळून मग बुडवा. कोरड्या साडीवर खळीचे पांढरे चट्टे उठतात. उलट बाजू उन्हाकडे करून वाळवा. इस्त्रीआधी पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळून ठेवा. चार महिने कपाटात राहणार असेल तर मात्र खळ धुवून काढा, कसर खळीवरच येते.

प्रश्न : मुलगी वसतिगृहात राहायला चालली आहे. शिवणाच्या डबीत काय काय देऊ? (लातूर)

उत्तर : थोडंच द्या, पण चांगलं द्या. हातसुयांत सात आणि दहा नंबर. हातसुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचं याच्या उलट. दोरे चार : पांढरा, काळा, राखाडी, बेज. राखाडी दोरा बहुतेक मधल्या रंगांवर लपून जातो. दहा टाचण्या, चार सेफ्टी पिन, सहा पितळी हूक (लोखंडी हूक गंजून ब्लाऊजवर तपकिरी डाग पाडतो), शर्टाची चार बटणं, एक टोकदार छोटी कात्री, मेणबत्तीचा तुकडा आणि दोन बोटं रुंद सुती कापडाची पट्टी. नाडी नेफ्यातून निसटली की सेफ्टी पिन तिच्या टोकाला लावून ओवता येते.

सुया टोचून ठेवायला लोकरीच्या कापडाची घडी द्या. स्पंजचा तुकडा देऊ नका, तो ओल धरतो आणि एका पावसाळ्यात सुया गंजतात. गंजलेली सुई कापडात अडकते आणि पांढऱ्या कपड्यावर ठिपका सोडते. तशी दिसली की लगेच बदलायला सांगा.